शोणतीरीचा मठ आणि जीर्णोद्धाराचा विवेक

महाराष्ट्रातून उत्तरेच्या यात्रेला निघणारी कुटुंबे मैहरच्या शारदेचे दर्शन घेतात, चित्रकूटला मुक्काम करतात आणि प्रयाग-काशीकडे वळतात. या नेहमीच्या मार्गापासून पूर्वेला, मध्य प्रदेशच्या सीधी जिल्ह्यात, शोण आणि बनास या नद्यांच्या संगमानजीक चंद्रेह नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथे वर्तुळाकार तलविन्यासाचे एक देखणे शिवमंदिर आहे. त्याच्या शेजारी एक रुंद, बसकी, दगडी इमारत उभी आहे. मंदिरापुढे पाहुण्याचे हात आपोआप जोडले जातात, पण शेजारची इमारत त्याला एखाद्या सरदाराचा पडका वाडा वाटते. वास्तविक तो मठ आहे. त्याच्या ओसरीच्या भिंतीत बसवलेल्या दोन शिळांवर संस्कृत लेख असून त्यात कलचुरी संवताचे ७२४ वे वर्ष, म्हणजे इ.स. ९७२-७३, नोंदवलेले आहे. साडेदहा शतकांहून अधिक काळ हा मठ त्याच जागी, आपला जन्मदाखला स्वतःच्या भिंतीत जपून उभा आहे.

आपल्या इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांत मंदिरे असतात, लेणी असतात, गडकिल्ले तर असतातच. विहार म्हटले की नालंदा आठवते, आणि ते योग्यच आहे. परंतु मध्ययुगातील हिंदू मठाची वास्तू कशी होती, तेथे कोण राहत होते, काय शिकवले जात होते, हे सांगणारा एक परिच्छेदही आपल्या मुलांच्या वाचनात येत नाही. मठ म्हणजे एक परंपरा, एक गादी, एक नाव, एवढेच आपण धरून चालतो. त्या परंपरेला राहायला घर लागत होते, त्या घराला छप्पर होते, स्वयंपाकघर होते, अभ्यासाच्या ओवऱ्या होत्या, याचा विचार क्वचितच होतो. म्हणूनच चंद्रेहचा विषय आज मुद्दाम हाती घेतला आहे.

या मठाची कथा मत्तमयूर नावाच्या शैव आचार्यपरंपरेशी जोडलेली आहे. शैवसिद्धान्ताचे हे आचार्य नवव्या-दहाव्या शतकांत आजच्या शिवपुरी-अशोकनगर परिसरात नांदत होते. रणोद येथील शिलालेखात त्यांची गुरुपरंपरा दिलेली आहे. अवंतिवर्मा नावाच्या राजाने पुरंदर या आचार्याला आपल्या राज्यात आदराने आणले. आचार्यांनी मत्तमयूर नगरात एक मठ स्थापला आणि रणिपद्र येथे, म्हणजे आजच्या रणोदला, दुसरा. या आचार्यांची नावेही स्थळांवरून पडलेली आहेत. कदंबगुहेत राहणारे, तेरंबीचे पालक, आमर्दकतीर्थाचे नाथ. त्यांपैकी कदंबगुहा म्हणजे आजचे कदवाहा आणि तेरंबी म्हणजे तेराही, असे अभ्यासकांनी ओळखले आहे. आमर्दकतीर्थ मात्र महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांच्या मते आपल्या मराठवाड्यातील औंढा नागनाथ होय. त्यावर विद्वानांत मतभेद आहेत आणि ते असावेत. तरीही विसोबा खेचर आणि नामदेव यांच्या भेटीमुळे वारकऱ्यांच्या मनात घर करून बसलेले औंढा हे क्षेत्र, त्याही आधी तीन शतके मध्यदेशातील एका थोर शैव परंपरेचे उगमस्थान असू शकते, ही कल्पनाच मोठी रम्य आहे.

पुढे त्रिपुरीच्या कलचुरी राजांनी या आचार्यांना आपल्या डाहल देशात बोलावले. त्रिपुरी म्हणजे जबलपूरजवळचे तेवर. पहिला युवराजदेव हा या घराण्यातील कर्ता राजा. त्याच्या दरबारी राजशेखर कवीचे 'विद्धशालभंजिका' हे नाटक रंगले. त्याची कन्या कुंदकदेवी आपल्या मान्यखेटच्या राष्ट्रकूटांची सून झाली. या युवराजदेवाने प्रभावशिवाला आणले. प्रभावशिवाचा शिष्य प्रशांतशिव. त्याने शोणेच्या तीरी, भ्रमर पर्वताच्या पायथ्याशी, तपस्येसाठी आश्रम उभारला, आणि चंद्रेहचे मंदिर त्याचेच. त्याचा शिष्य प्रबोधशिव याने गुरूच्या मंदिरालगत हा मठ बांधला. युवराजदेवाची राणी नोहला हिनेही बिल्हारीला शिवालय बांधून आचार्यांना गावे दिली. तिच्या दानाची आणि पुढे लक्ष्मणराजाने हृदयशिवाला मठ सोपवल्याची हकीकत ज्या शिळेवर कोरलेली आहे, ती बिल्हारीची शिळा नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात आणली गेली. नागपूरकर वाचकांपैकी किती जणांनी ती पाहिली असेल, हा प्रश्न विचारण्याचा मोह आम्हाला आवरत नाही.

चंद्रेहच्या लेखातील प्रबोधशिवाचे वर्णन वाचताना एका तपशिलाशी थांबावे लागते. मठ बांधल्याचा उल्लेख आहे, जलाशय आणि विहीर यांचाही आहे. परंतु कवीने खरे कौतुक केले आहे ते त्याने काढलेल्या रस्त्याचे. डोंगरातील शिळांच्या राशी फोडून, हलवून, नद्या-ओढे ओलांडत, अरण्यातून आणि दाट झुडपांतून या संन्याशाने वाट काढली, असे लेख सांगतो. संसार सोडलेल्या माणसाला रस्त्याचे काय प्रयोजन? पण ज्या मठाकडे विद्यार्थी, यात्रेकरू, आजारी आणि भुकेले येणार, त्या मठाला रस्ता हवाच. अध्यात्म म्हणजे जगाकडे पाठ, असा जो एक सोयीस्कर समज आधुनिक शिक्षणाने आपल्या माथी मारला आहे, त्याला शोणेकाठचा हा एक तपस्वी परस्पर उत्तर देऊन गेला आहे.

याच परंपरेच्या गोळकी मठाची शाखा पुढे आंध्रात गेली. काकतीय राजा गणपतिदेव याचे गुरू विश्वेश्वरशिव हे त्या मठाचे आचार्य. इ.स. १२६१ च्या मलकापुरम येथील शिलालेखात राणी रुद्रमादेवीने त्यांना दिलेल्या गावाची आणि त्यांनी उभारलेल्या संस्थेची तपशीलवार नोंद आहे. तेथे मठ होता, वेद शिकवणारे तीन आणि व्याकरण, तर्क, साहित्य, आगम यांचे पाच अध्यापक होते, एक वैद्य होता, हिशेब ठेवणारा कायस्थ होता. आरोग्यशाळा होती, प्रसूतिशाळा होती. आणि अन्नछत्रात ब्राह्मणापासून चांडाळापर्यंत कोणीही येवो, त्याला अन्न मिळावे, असे तो लेख स्पष्ट शब्दांत सांगतो. सातशे साठ वर्षांपूर्वीचे हे शब्द आहेत. सामाजिक समरसतेची चर्चा करताना आपण दूरदूरचे दाखले शोधतो. हा दाखला दगडावर कोरलेला आहे. त्याच लेखातील मंदडम आणि वेलगपुडी ही गावे आज अमरावती राजधानीच्या क्षेत्रात आहेत, आणि वेलगपुडीला आंध्र प्रदेशचे सचिवालय आहे.

आता इमारतीकडे वळू. मत्तमयूरांचे मठ एका साच्यातून काढलेले नाहीत, पण त्यांची जात एक आहे. मध्ये चौक, त्याच्या चारी बाजूंनी खांबांच्या ओवऱ्या, ओवऱ्यांमागे खोल्या आणि वर दुसरा मजला. चंद्रेहला दर्शनी भागी खांबांची ओसरी आहे. काही खोल्यांच्या चौकटी इतक्या सुरेख कोरलेल्या आहेत की त्या देवघराच्या किंवा गुरूच्या बैठकीच्या असाव्यात हे पाहताक्षणी कळते. काही खोल्या अगदी साध्या आणि अंधाऱ्या आहेत. वरचा मजला बराचसा ढासळलेला आहे. रणोदचा मठ, ज्याला स्थानिक लोक 'खोखई मठ' म्हणतात, तो याहून रांगडा. मोठमोठ्या शिळा एकमेकींवर बसवून, लाकडाचा आधार न घेता, जमीन, भिंत आणि छत सारे दगडाचेच केलेले. शिवपुरीहून झाशीकडे जाताना सुमारे २० किलोमीटरवर सुरवाया लागते, प्राचीन लेखांतील सरस्वतीपत्तन. तेथे मठ आहे, तीन मंदिरे आहेत, पायऱ्यांची विहीर आहे, आणि या सगळ्याभोवती नंतरच्या काळातील गढीचा तट व खंदक आहे.

मठाभोवती तट का आला, हा इतिहासाचा महत्त्वाचा दुवा आहे. कदवाहाच्या एका खंडित शिलालेखात गोभट नावाचा राजा हत्तींचे दळ घेऊन चालून आल्याची आणि आचार्य धर्मशिवाने धनुष्यबाण हाती घेऊन, त्रिपुरांतक शिवाप्रमाणे, त्याच्या सैन्याचा पराभव केल्याची कथा आहे. हातात जपमाळ असलेल्या माणसाला धनुष्य उचलावे लागले ते दहाव्या शतकाच्या सुमारास, आणि तेही हत्ती घेऊन चढाई करणाऱ्या एका राजाविरुद्ध. पुढे तेराव्या-चौदाव्या शतकांत दिल्लीच्या सुलतानांच्या स्वाऱ्या माळवा-चंदेरीच्या वाटेने सुरू झाल्या, राजाश्रय संपला, दानाची गावे गेली, आणि आचार्यपरंपरा विखुरली. भक्कम दगडी इमारती मात्र उरल्या, आणि त्या लष्करी ठाण्यांसाठी सोयीच्या होत्या. कदवाहाला मठ गढीच्या पोटात गेला आणि त्या गढीत मशीदही उभी राहिली. सुरवायाला मठ गढीच्या मध्यभागी राहिला. आक्रमणाचा हा इतिहास झाकून ठेवण्याचे कारण नाही. तो जसा आहे तसा सांगितला पाहिजे.

पण जसा आहे तसा सांगायचा म्हटले की पुढचे वाक्यही लिहावे लागते, आणि ते आपल्याला रुचणारे नाही. या मठांची जी हानी झाली, तिच्यात पाणी, मुळे आणि आपली स्वतःची उदासीनता यांचा वाटा फार मोठा आहे. रिवा शहराजवळचे गुर्गी हे चंद्रेहइतकेच, किंबहुना अधिक वैभवशाली स्थान होते. युवराजदेवाने तेथे उंच शिवमंदिर बांधले आणि प्रशांतशिवाने त्याच्या जवळ आणखी मंदिर उभारले. आज तेथे टेकाडे आहेत. तेथील प्रचंड हर-गौरी मूर्ती आणि कोरीव तोरण रिवा शहरात नेले गेले, म्हणून ते वाचले तरी. बाकीचा दगड कोठे गेला हे विचारायला नको. जेथे जेथे जुना घडीव दगड वस्तीच्या हाताशी होता, तेथे तो विहिरींच्या कठड्यांत, घरांच्या जोत्यांत आणि रस्त्यांच्या मोऱ्यांत गेला. चंद्रेह टिकले, कारण ते आडवाटेला होते. प्रबोधशिवाने शिळा फोडून काढलेली वाट अरण्याने पुन्हा गिळली, आणि त्याच अरण्याने मठाला पांघरूण घातले.

हे मठ विस्मृतीतून बाहेर काढण्यात मराठी भूमीचा वाटा मोठा आहे, आणि तो आपण विसरलो आहोत. रणोद आणि बिल्हारी या दोन्ही लेखांचे पहिले शास्त्रशुद्ध वाचन प्रसिद्ध केले ते फ्रान्झ कीलहॉर्न या जर्मन पंडिताने. ते १८६६ ते १८८१ या काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजात संस्कृतचे अध्यापक होते. मोहेंजोदडोमुळे जगाला ठाऊक झालेले राखालदास बॅनर्जी पुरातत्त्व खात्याच्या पश्चिम मंडळाचे प्रमुख म्हणून पुण्यात असताना कलचुरींच्या वास्तूंच्या शोधात फिरले. त्यांचा त्रिपुरीच्या हैहयांवरील ग्रंथ त्यांच्या निधनानंतर, १९३१ मध्ये, प्रसिद्ध झाला. ग्वाल्हेर संस्थानात १९१३ मध्ये पुरातत्त्व खाते सुरू झाले आणि त्याची धुरा मोरेश्वर बळवंत गर्दे यांच्याकडे आली. सुरवाया, रणोद, कदवाहा, तेराही या स्थळांची झाडी तोडणे, ढिगारे उपसणे, खचलेल्या तुळयांना आधार देणे, विखुरलेल्या मूर्ती एकत्र करणे, ही कामे या गृहस्थांनी चिकाटीने करवून घेतली. ग्वाल्हेरच्या गुजरी महालातील संग्रहालयाची उभारणीही त्यांचीच. आणि १९५५ मध्ये मिराशींनी कलचुरी-चेदी संवताच्या शिलालेखांचा महाग्रंथ दोन भागांत सिद्ध केला. कोकणातल्या कुवळे गावात जन्मलेल्या आणि नागपुरात हयात घालवलेल्या या पंडिताला १९७५ मध्ये पद्मभूषण मिळाले. चंद्रेहच्या मठाविषयी आज जगात कोठेही कोणी लिहायला बसले तरी त्याला मिराशींचा ग्रंथ उघडावाच लागतो. गर्दे आणि मिराशी यांची नावे मात्र त्यांच्याच मराठी मुलखात आज किती घरांत ठाऊक आहेत?

कायद्याने या वास्तूंना संरक्षण आहे. १९५८ चा प्राचीन स्मारक व पुरातत्त्वीय स्थळे कायदा, आणि २०१० च्या दुरुस्तीने घातलेले बंधन असे की संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम निषिद्ध, त्यापुढील २०० मीटरांत परवानगीनेच. केंद्राच्या संरक्षणाखालील स्मारकांची संख्या सुमारे ३,७०० आहे. चंद्रेह आणि सुरवाया त्यात येतात. पण यादीत नाव असणे आणि राखण होणे या भिन्न गोष्टी आहेत. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०१३ मध्ये १,६५५ स्मारकांची प्रत्यक्ष पाहणी केली तेव्हा त्यांतील ९२ जागेवर सापडलीच नाहीत. पुढे शोधाशोध होऊन काहींचा ठावठिकाणा लागला. १४ शहरांच्या वाढीखाली आणि १२ धरणांच्या पाण्याखाली गेल्याचे निष्पन्न झाले, आणि २४ स्मारकांचा पत्ता अखेरपर्यंत लागला नाही. हे कोणा सुलतानाच्या राज्यात घडलेले नाही. स्वतंत्र भारतात, कायदा असताना आणि पगारी खाते असताना घडलेले आहे. मध्य प्रदेशाच्या पूर्व भागासाठी २०२० मध्ये जबलपूर येथे पुरातत्त्व सर्वेक्षणाचे स्वतंत्र मंडळ स्थापन झाले, ही त्यातल्या त्यात समाधानाची बाब. भोपाळहून चंद्रेहकडे पाहणे आणि जबलपूरहून पाहणे यात फरक पडला पाहिजे.

सरकारला चार शब्द सुनावणे सोपे असते. या स्तंभात ते अनेकदा केले गेले आहे आणि पुढेही केले जाईल. परंतु आज सांगायची गोष्ट आपल्या माणसांसाठी आहे. जुन्या वास्तूची हानी करणाऱ्यांत हल्ली एक वर्ग असा आहे, जो पूर्ण श्रद्धेने ती करतो. त्याच्या हेतूविषयी शंका घेता येत नाही, म्हणूनच त्याला थांबवणे अवघड जाते. गावातील चार उत्साही मंडळी एकत्र येतात, वर्गणी जमते, 'जीर्णोद्धार समिती' स्थापन होते. प्रथम दगडी भिंतींवर ऑइलपेंट चढतो. मग जोत्याला गुळगुळीत फरशी येते, सांध्यांत सिमेंट भरले जाते, शिखराची डागडुजी म्हणून प्लास्टर होते, आणि मंडपापुढे पत्र्याची शेड उभी राहते. उद्घाटनाला पुढारी येतात. आपल्या महाराष्ट्रातील हेमाडपंती मंदिरांवर रंगाची किती पुटे चढली आहेत, हे सांगायला पुरातत्त्वज्ञ लागत नाही. वाचकांनी आपल्याच गावचे शिवालय डोळ्यांपुढे आणावे.

यात बिघडते काय, हे शांतपणे समजून घेतले पाहिजे. वालुकाश्म हा श्वास घेणारा दगड आहे. पावसाळ्यात तो ओल शोषतो आणि उन्हाळ्यात सोडतो. जुने कारागीर सांध्यांत जो चुना वापरत, तो दगडापेक्षा मऊ आणि सच्छिद्र असे. ओल चुन्यातून बाहेर पडे आणि काही झिजायचेच असेल तर चुना झिजे, दगड वाचे. दर पिढीला चुना नवा भरता येई. सिमेंट दगडापेक्षा कठीण आहे आणि ते पाणी अडवते. अडलेले पाणी दगडातूनच वाट शोधते, त्याबरोबर क्षार पृष्ठभागाशी येतात, तेथे त्यांचे स्फटिक बनतात आणि कोरीवकामाचे पापुद्रे सुटू लागतात. ऑइलपेंट तर दगडाचे तोंडच दाबतो. दहा वर्षे सारे चकचकीत दिसते. मग अप्सरेच्या चेहऱ्याचे पोपडे निघतात आणि समिती पुन्हा वर्गणी काढते.

मठाच्या इमारतीत आणखी एक नाजूक जागा असते, ती म्हणजे छत. दगड भार सोसतो, पण वाकणे सोसत नाही. दोन खांबांवर आडवी टाकलेली तुळई वरून कितीही भक्कम दिसली तरी खालच्या अंगाने ताणली जात असते. छतातून पाणी मुरले, शिळेच्या भेगेत पिंपळाचे रोप आले आणि त्याचे मूळ जाड होऊ लागले, की एके दिवशी ती तुळई मधोमध चिरते. चिरलेली तुळई पाडून तेथे काँक्रीटची तुळई घालणे हा उपाय नव्हे. आतील लोखंड गंजते, फुगते आणि शेजारचा दगड फोडते. योग्य मार्ग कष्टाचा आहे. छतावरील माती काढणे, मूळ उतार शोधून काढणे, चुना महिनोन्महिने मुरवून आणि घाणीत मळून, सुरखी, बेलफळाचा गर, गूळ अशा द्रव्यांसह त्याचा थर देणे, पाणी उतरण्याच्या वाटा मोकळ्या ठेवणे, आणि दरवर्षी पावसापूर्वी रोपटी हाताने उपटणे. यात उद्घाटन करण्यासारखे काही नसते. म्हणून त्याला निधी मिळत नाही आणि मिळाला तर टिकत नाही.

हा विचार पाश्चात्त्यांकडून उसना घेतलेला आहे, असे कोणी म्हणेल. तसे नाही. आपल्या शैवागमांत आणि 'मयमता'सारख्या शिल्पग्रंथांत जीर्णोद्धारावर स्वतंत्र प्रकरणे आहेत. ज्या वास्तूची लक्षणे अद्याप ओळखू येतात, तिची दुरुस्ती मूळच्याच द्रव्याने आणि मूळच्याच प्रमाणात करावी, अशी त्यांची शिकवण आहे. रणोदच्या शिलालेखातील आचार्य व्योमशिव याची कीर्ती तर जीर्णोद्धारासाठीच गायलेली आहे. ओस पडलेल्या मठाला त्याने पुन्हा उभे केले, तळे दुरुस्त केले, देव बसवले. त्याने पूर्वसूरींच्या शिळा काढून फेकल्या नाहीत, म्हणून आज आपल्याला त्या पाहता येतात. केंद्र सरकारच्या पुरातत्त्व सर्वेक्षणाने २०१४ मध्ये राष्ट्रीय संवर्धन धोरण जाहीर केले, त्यात पारंपरिक कारागिरांना आणि पारंपरिक द्रव्यांना मानाचे स्थान दिले आहे. शास्त्र, परंपरा आणि शासकीय धोरण यांचे इतके एकमत क्वचितच आढळते. अडते ते आमच्या समित्यांपाशी.

चांगले काम होऊ शकते याचे दोन दाखले द्यायला हवेत. पंढरपुरात २०२४ मध्ये विठ्ठल-रुक्मिणी मंदिराचे काम झाले. सुमारे ७३ कोटी रुपयांच्या आराखड्यातील ते काम. काही आठवडे पदस्पर्श दर्शन बंद ठेवून गाभाऱ्यातील संगमरवर आणि चांदी उतरवली गेली आणि आतील मूळ काळा दगड वारकऱ्यांच्या दृष्टीस पडला. 'हे काय, भिंती उघड्या केल्या!' असे कोणी म्हणाले असेल. पण ज्यांनी तो दगड पाहिला, त्यांना विठोबाचे घर आज अधिक जुने आणि अधिक आपले वाटते, हे आमचे मत आहे. दुसरा दाखला मुरैना जिल्ह्यातील बटेश्वरचा, म्हणजे मत्तमयूरांच्या प्रदेशाच्या अगदी शेजारचा. तेथील लहानमोठी सुमारे दोनशे मंदिरे कोसळून केवळ दगडांचा पसारा उरला होता. चंबळच्या दरोडेखोरांचा तो मुलूख. २००५ पासून पुरातत्त्व खात्याचे अधिकारी के. के. मुहम्मद यांनी तेथे तळ ठोकला. दरोडेखोरांची समजूत घातली, दगड न् दगड जुळवून ऐंशीच्या आसपास मंदिरे पुन्हा उभी केली. दरोडेखोर गेल्यावर अवैध खाणवाले आले, आणि ते अधिक घातक निघाले, असे स्वतः मुहम्मद यांनीच सांगितले आहे. सुरुंगाच्या हादऱ्यांनी उभी केलेली मंदिरे पुन्हा खिळखिळी होऊ लागली. त्यांनी दारोदार दाद मागितली, तेव्हा कोठे खाणी थांबल्या. एका निष्ठावान मुसलमान अधिकाऱ्याने शिवमंदिरांसाठी एवढे केले, आणि आपण आपल्या गावच्या शिवालयाच्या छतावरचे पिंपळाचे रोप काढायला पुढच्या वर्षीची वाट पाहतो.

बटेश्वरने आणखी एक गोष्ट दाखवून दिली. पडलेला दगड म्हणजे मेलेला दगड नव्हे. तो जागेवर असेल तर जाणकार त्याला पुन्हा त्याच्या ठिकाणी बसवू शकतो. म्हणून चंद्रेह, रणोद, सुरवाया, कदवाहा येथे पहिली गरज आहे ती प्रत्येक शिळेच्या मोजमापाची आणि छायाचित्रांची, आणि एकही घडीव तुकडा आवाराबाहेर जाऊ नये अशा राखणीची. मूर्तिचोरांचे लक्ष नेहमीच अशा आडवाटेच्या स्थळांवर असते. ज्या मूर्तीचे छायाचित्र आणि माप कागदोपत्री नाही, ती परदेशातील लिलावात दिसली तरी आपली म्हणून सिद्ध करता येत नाही. हे काम महाविद्यालयीन तरुणांचा एखादा गट, खात्याची परवानगी आणि मार्गदर्शन घेऊन, दोन सुट्ट्यांत पार पाडू शकेल. आपल्या कार्यकर्त्यांना श्रमदान करायचे असेल तर हे श्रमदान आहे. हातात रंगाचा ब्रश नको, मोजपट्टी हवी.

दुसरी गरज ओळखीची. मोठ्या उद्योगसमूहांनी स्मारके दत्तक घ्यावीत अशी योजना २०१७ मध्ये निघाली आणि दुसऱ्याच वर्षी लाल किल्ल्याची गाजावाजाने घोषणा झाली. चंद्रेहला कोण दत्तक घेणार? तेथे तिकिटांची रांग नाही. अशा स्थळांना दत्तक घ्यायचे ते वाचकांनी, शिक्षकांनी, यात्रा काढणाऱ्यांनी. स्थळावर मूळ लेखाचा सोपा हिंदी अनुवाद लावला जावा, त्यात प्रबोधशिवाच्या रस्त्याची हकीकत असावी, एवढी मागणी तर मध्य प्रदेशातील आपल्या बंधूंनी जबलपूरच्या कार्यालयाकडे सहज लावून धरावी. मिराशींच्या ग्रंथात लेखाचा सगळा मजकूर तयार आहे. औंढ्याला जाणाऱ्यांनीही आमर्दकतीर्थाची गोष्ट मुलांना सांगावी, मतभेदासह सांगावी.

आणि पुढच्या वेळी मैहरची यात्रा ठरेल तेव्हा कार्यक्रमात एक दिवस वाढवावा. पावसाळा टाळावा. कार्तिकानंतर वाटा कोरड्या होतात. प्रशांतशिवाच्या मंदिरात दर्शन घेऊन मठाच्या ओसरीत यावे, उन्ह तिरपे असताना भिंतीतील दोन शिळांवरची अक्षरे ठळक दिसतात. कागद लावून ठसे घेऊ नयेत, खडूने अक्षरे रंगवू नयेत, आणि श्रद्धेने का होईना, त्यांना हळदकुंकू वाहू नये.